अंगठीतलं हीण

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी घ्यायला असं काही जात नाही, बघायला जाते. गंजलेले पान्हे, एकेकटे बूट, किल्ली हरवलेली पितळी कुलपं, पोट उघडं पडलेले रेडिओ, कुणाच्या तरी लग्नातला काचेला तडा गेलेला फोटो. त्या रविवारी एका म्हाताऱ्याच्या ताडपत्रीवर पितळी वाट्या आणि फुटका कंदील यांच्या मध्ये एक रुमाल पडला होता. रुमाल म्हणजे दप्तरातला, तांबड्या खारव्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. गाठ सोडली तसा ओल्या तळघरासारखा वास आला. वरचे कागद मोडीत होते, मला वाचता येत नाहीत. खालचे बाळबोधीत, स्टँपपेपरवर, तपकिरी झालेल्या शाईत. कोर्टाचंच काहीतरी होतं. एका पानावर एका बाईचं नाव, पुढे ‘कोम’, म्हणजे बायको, आणि मग नवऱ्याचं नाव. तिच्या नावाला तेवढाच आधार. खाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आणि तो अंगठा, जांभळट, एका कडेला फाकलेला, जणू उठवताना हात हलला होता. जमिनीचा वाद होता की आणखी काही, कळायला मला दोन पानं तरी वाचायला हवी होती. म्हातारा तीनशे म्हणाला. मी शंभर म्हणाले. तो दीडशेवर येऊन थांबला. मी उठले आणि चालायला लागले. दोन पावलं गेलं की ते हाक मारतातच, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव.

त्यानं हाक मारली नाही.

परत फिरायला लाज वाटली, दुसरं काही कारण नव्हतं. घरी येताना रिक्षाला दीडशेच्या वर दिले. संध्याकाळी चहा पिताना तो अंगठा आठवला, मग रात्री आठवला, आणि मग ज्याची आठवण व्हायची होती त्याची झालीच. रॉबर्ट ब्राउनिंग या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवीची. कारण असाच एक रुमाल त्याला सापडला होता, आणि तो शहाणा माणूस उठून गेला नव्हता.

1860 चा जून, फ्लॉरेन्स, सान लोरेन्झो चर्चपुढचा चौक. चौकातला बाजार त्याने कवितेत असा मांडून ठेवलाय की आपल्या जुन्या बाजाराची यादीच वाचतोय असं वाटावं. मुलामा झिजून पांढऱ्या पडलेल्या चौकटी, पेट्यांच्या मुठी म्हणून लावलेली आणि आता सुटी झालेली ब्राँझची देवदूतांची डोकी, दगडांचे नमुने, चिमट्यांचे आणि फावड्यांचे ढीग, सांगाडा उरलेले पलंग, आ वासलेले कपाटांचे कप्पे. त्यात चार-पाच पुस्तकांच्या रांगेत एक चौकोनी, पिवळं, चुरगळलेल्या चर्मपत्राचं बाड. अर्धं छापील, अर्धं हाताने लिहिलेलं, लॅटिन आणि इटालियन. एक लिरा, म्हणजे इंग्रजी हिशोबाने आठ पेन्स. त्याने ते घेतलं, चौकातल्या पुतळ्याजवळच्या कारंज्याच्या कठड्याला टेकून चाळायला लागला आणि वाचत वाचतच घराकडे निघाला. स्ट्रोझी राजवाडा गेला, खांब गेला, पूल गेला, याची मान वर नाही. सान फेलिचे चर्चसमोर, कासा ग्विदीच्या दारात, जिथे पहिल्या थंड पायरीपासून अंधार सुरू होतो तिथे तो पोहोचला तेव्हा सगळं प्रकरण त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रस्त्यात वाचत चालणारी माणसं आपण पाहिलीत, आता ती मोबाइल वाचतात. पण तो थंड, काळोखा जिना मला फार ओळखीचा वाटतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा जिना तसाच होता. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी पहिल्या पायरीवर पायाला गारवा लागायचा.

बाडात होता एका खुनाचा खटला. रोम, 1698. आरेझ्झो गावचा एक कर्जबाजारी सरदार, ग्विदो फ्रान्चेस्किनी. पैशाच्या आशेने केलेली बायको पॉम्पिलिया, लग्नात तेरा वर्षांची. पैसा निघाला नाही, मग छळ. ती एका तरुण धर्मगुरूच्या, कापोन्साक्कीच्या, मदतीने पळाली, पकडली गेली, आईबापांकडे आली, तिला मुलगा झाला. मूल दोन आठवड्यांचं असताना 2 जानेवारीच्या रात्री ग्विदो चार गडी घेऊन आला आणि तिला व तिच्या म्हाताऱ्या आईबापांना भोसकलं. आईबाप जागीच गेले. सतरा वर्षांची पोर बावीस जखमा घेऊन चार दिवस जगली आणि बोलली. खटल्यात वकील भांडले ते बायको मारण्याचा नवऱ्याला अधिकार आहे की नाही, अब्रूसाठी केलेला खून हा खून की नाही, यावर. आणि आणखी एका गोष्टीवर. पॉम्पिलियाने कापोन्साक्कीला म्हणे प्रेमपत्रं लिहिली. ती सांगत होती की मला लिहिता-वाचताच येत नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

ब्राउनिंगशी माझी ओळख मात्र याच्याही आधीच्या एका मेलेल्या बायकोने करून दिली. बी.ए.ला ‘माय लास्ट डचेस’ होती. इंग्रजी घेतलेल्या आपल्याकडच्या किती पिढ्या त्या भिंतीवरच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या असतील. फेरारा गावचा ड्यूक पाहुण्याला पडदा सारून बायकोचं चित्र दाखवतो, बोलता बोलता ती कोणाकडेही बघून हसायची हे सांगतो, आणि मग मी हुकूम दिला आणि सगळी हसणी एकदम थांबली, असं म्हणून दुसऱ्या लग्नाच्या हुंड्याकडे वळतो. आमचे सर ती ओळ म्हणताना खडू खाली ठेवायचे. परीक्षेत आम्ही नाट्यात्म स्वगताची लक्षणं लिहिली आणि डोक्यात एक इटली घेऊन बाहेर पडलो, जिथे रेशमी पडदे असतात, संगमरवर असतो आणि नवरे बायकांना मारतात. नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं, ही इटली इंग्रजांना हवीच होती. स्वतःच्या लंडनमधल्या बैठकीच्या खोलीत जे दाखवता येत नाही ते तीनशे वर्षं मागे आणि आल्प्सच्या पलीकडे नेऊन दाखवायचं. 1842 साली ही कविता छापली तेव्हा ब्राउनिंग फार तर एकदा इटलीला जाऊन आला होता, व्हेनिस आणि आसोलोच्या बाजूला. खरी इटली त्याच्या आयुष्यात यायची होती, तीही एका बाईला घराबाहेर काढण्याच्या निमित्ताने.

ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरची बंद खोली, आजारी, अफूच्या अर्कावर जगणारी, चाळिशीची प्रसिद्ध कवयित्री एलिझाबेथ बॅरेट. बाराही मुलांपैकी कुणी लग्न करू नये अशा हट्टाचे वडील, घरातला पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तिच्याहून खूप कमी नाव असलेला कवी. वीस महिने पत्रं, 12 सप्टेंबर 1846 ला गुपचूप लग्न, आठवड्याने पलायन. बरोबर विल्सन नावाची मोलकरीण आणि फ्लश नावाचा कुत्रा. वडिलांनी तिची पत्रं न फोडता परत पाठवली, मरेपर्यंत तोंड पाहिलं नाही. आधी पिसा, मग 1847 मध्ये फ्लॉरेन्स. कासा ग्विदीतल्या खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या आणि ती वारली तोवर, 1861 पर्यंत, तेच त्यांचं घर राहिलं. स्वस्ताई हेही इटलीचं एक कारण होतं, हे प्रेमकथा सांगताना लोक गाळतात. राजवाड्यातली दालनं तिथे मध्यमवर्गीयाच्या भाड्यात मिळायची, आणि ती भरायला रॉबर्ट बाजारातून जुनं, अवजड, कोरीव लाकूड उचलून आणायचा. तो पिवळ्या बाडापर्यंत पोहोचला तो या सवयीमुळेच.

पण त्या एका घरात दोन इटली नांदत होत्या. त्याची इटली ढिगाऱ्यातली, चौकटींची, मेलेल्या चित्रकारांची. त्याच्या कवितांत फ्रा लिप्पो लिप्पी हा भिक्खू मठाच्या खिडकीतून पळून रात्री पोलिसांच्या हाती सापडतो, आन्द्रेआ देल सार्तो बायकोचा हात हातात धरून आपल्या निर्दोष आणि निर्जीव चित्रांची कबुली देतो. ही माणसं अशी बोलतात की आपण पलीकडच्या खोलीत आहोत. तिची इटली मात्र जिवंत होती, आणि ती खिडकीतून दिसत होती. ‘कासा ग्विदी विंडोज’ ही तिची 1851 ची लांबलचक कविता सुरू होते ती चर्चजवळून, तिच्या खिडकीखालून, एक लहान पोर ‘ओ बेल्ला लिबेर्ता’ गात जातं तिथे. सुंदर स्वातंत्र्य! 1847 च्या सप्टेंबरात, नेमक्या तिच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या ग्रँड ड्यूकने नागरिकांना स्वतःचं रक्षकदल दिलं म्हणून सगळं गाव झेंडे घेऊन तिच्या खिडकीखालून गेलं. ती हरखून गेली. कवितेचा दुसरा भाग येतो तो 1849 नंतर, जेव्हा त्याच रस्त्याने ऑस्ट्रियाचं सैन्य आलं, ड्यूक त्यांच्या आसऱ्याने परतला आणि खिडकीतली बाई आपण किती भाबडेपणाने टाळ्या वाजवल्या याची कवितेतच कबुली देते. इंग्रज टीकाकारांना हे आवडलं नाही. बाईने राजकारणात का पडावं, हा प्रश्न तेव्हाही होता.

मला ही कविता आवडते आणि खुपतेही. खिडकीतून क्रांती बघणाऱ्यांचा मला थोडा राग आहे, कारण मी स्वतः आयुष्यभर खिडकीतच उभी राहिले. मोर्चा जातो, आपण गॅलरीत येतो, घोषणा आवडली तर पुटपुटतो, पोळ्या करपतील म्हणून आत जातो. पण मग वाटतं, जिला वडिलांनी खोलीबाहेर जाऊ दिलं नाही तिच्यासाठी खिडकी उघडी असणं हीच केवढी मोठी गोष्ट. आणि तिने त्या खिडकीची मर्यादा लपवली नाही, ती मथळ्यातच लिहिली. मात्र त्या खिडकीच्या आत कोण होतं, हे कवितेत येत नाही. विल्सन आत होती. तिने 1855 मध्ये घरातल्याच इटालियन नोकराशी, फेर्दिनान्दोशी, लग्न केलं, आणि पहिला मुलगा इंग्लंडमध्ये बहिणीकडे ठेवून ती पुन्हा ब्राउनिंगांच्या बरोबर इटलीला आली. इटली आणि इंग्लंड यांच्यामध्ये खरोखर दोन तुकडे झाले असतील तर ते त्या बाईचे. तिच्यावर कुणी महाकाव्य लिहिलं नाही.

इटलीच्या स्वातंत्र्याचं नाव काढलं की माझ्या कानात आजोबांचा आवाज येतो. ते मॅझिनीला ‘म्याझिनी’ म्हणायचे, आणि असे म्हणायचे जणू तो नारायण पेठेत राहायचा. सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, तो 1907 मध्ये निघाला आणि सरकारने त्यावर बंदी घातली. आजोबांकडे होती ती पुष्कळ नंतरची आवृत्ती, तीही वर्तमानपत्राचं कव्हर घालून, उगाच, बंदी उठून जमाना झाला होता. त्याच मॅझिनीने लंडनच्या हद्दपारीत असताना ब्राउनिंगची ‘द इटालियन इन इंग्लंड’ ही कविता आपल्या सोबत्यांना वाचून दाखवली होती, एक इंग्रज आपल्यासाठी किती कळवळू शकतो हे दिसावं म्हणून. एलिझाबेथलाही तो 1852 मध्ये लंडनला भेटला होता. हे मला पन्नाशीत कळलं आणि क्षणभर वाटलं, आजोबांना सांगायला हवं. तुमचा म्याझिनी आणि माझा ब्राउनिंग ओळखीचे निघाले. इंग्रजांची कविता वाचतेस म्हणून ते माझी चेष्टा करायचे. ज्या इंग्रजांना इटलीच्या स्वातंत्र्याचे उमाळे यायचे त्यांना हिंदुस्थानचं स्वातंत्र्य सुचत नव्हतं, हे त्यांनी मला ऐकवलंच असतं. आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

असे धागे कुठून कुठे जातात! जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कामॉइंश या पोर्तुगीज कवीचा भलामोठा ब्राँझचा पुतळा आहे. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्या पायाशी बसून फोटो काढला होता. हा कवी 1553 मध्ये गोव्यात आला आणि काही वर्षं राहिला. त्याची प्रेयसी कातारीना तो दूर असताना मेली, अशी कथा, आणि त्या मरणाऱ्या कातारीनाच्या तोंडी एलिझाबेथने लग्नाआधीच एक कविता लिहिली होती. रॉबर्टला ती इतकी प्रिय की तो बायकोला ‘पोर्तुगीज’ म्हणायचा. म्हणून तिच्या प्रेमाच्या सुनीतांना 1850 मध्ये छापताना ‘पोर्तुगीजमधून’ असं नाव दिलं गेलं, भाषांतर वाटावं, खाजगी गोष्ट झाकली जावी म्हणून. सुनीताचा साचा तिने घेतला तोही पेत्रार्काचा, इटालियन. म्हणजे नाव पोर्तुगीज, घडण इटालियन, भाषा इंग्रजी, आणि आतली बाई या सगळ्यांच्या मागे लपलेली.

पिवळं बाड तिला अजिबात आवडलं नाही. खून, अब्रू, वकिलांची लॅटिन चलाखी, तिने त्यात रस घेतला नाही. मला तिचं म्हणणं समजतं. 1860 मध्ये तिच्या इटलीत खरा इतिहास घडत होता. त्याच्या आदल्या वर्षी इटलीच्या बाजूने लढणाऱ्या फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने विलाफ्रांकाला ऑस्ट्रियाशी अचानक तह केला तेव्हा त्या धक्क्याने ती अंथरुणाला खिळली होती. नेपोलियनवर तिचा आंधळा विश्वास, रॉबर्टचा नाही, यावरून घरात खटके. अशा वेळी नवरा बाजारातून दीडशे वर्षांपूर्वीचा बायकोखून घेऊन येतो आणि जेवणाच्या टेबलावर सांगत बसतो. कोणती बाई ऐकेल? मार्च 1861 मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं. जूनच्या सहा तारखेला इटलीचा पंतप्रधान काव्हूर गेला, त्याचं मरण तिने घरातलं समजून सोसलं. आणि 29 जूनला पहाटे कासा ग्विदीत, रॉबर्टच्या मिठीत, ती गेली. कसं वाटतंय असं त्याने विचारलं तेव्हा तिचा शेवटचा शब्द होता ‘सुंदर’. महिन्याभरात त्याने मुलाला घेतलं आणि घर सोडलं. जाण्याआधी एका चित्रकाराकडून दिवाणखाना होता तसा रंगवून घेतला, हिरव्या भिंती, पुस्तकं, आरसे, तिची खुर्ची. मग तो फ्लॉरेन्सला पुन्हा कधीही आला नाही. अठ्ठावीस वर्षं जगला, इटलीतही परतला, पण त्या गावात नाही.

बाड मात्र त्याने बरोबर नेलं.

त्या बाडावरून ‘द रिंग अँड द बुक’ हे काव्य लंडनमध्ये लिहिलं गेलं आणि 1868-69 मध्ये चार खंडांत आलं. बारा सर्ग, एकवीस हजारांवर ओळी. मी ते सबंध वाचलंय असं सांगते तेव्हा थोडं खोटं बोलते. वकिलांचे दोन सर्ग मी चाळले आहेत. पण रचना बघा. एकच खून नऊ जण सांगतात, ग्विदो दोनदा. त्यात ‘अर्धं रोम’ बोलतं, मग ‘उरलेलं अर्धं रोम’ बोलतं. हे तर आपल्या वाड्यातलं बोलणं. एक अर्धा म्हणणार, पुरुष तापट होता पण तिनेही बघायला हवं होतं. दुसरा अर्धा म्हणणार, बिचारी, पदरात पोर होतं. दोघांनाही घटनेपेक्षा स्वतःच्या संसाराची चिंता जास्त. आणि मध्यभागी पॉम्पिलिया, मरणाच्या दारात, शांत. लिहिता न येणारीला त्याने सबंध सर्गभर बोलायला दिलं.

पुस्तकाची सुरुवात अंगठीने होते. ही अंगठी पाहिलीत? असं म्हणूनच. रोमच्या कास्तेल्लानी सोनाराने इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या दागिन्यांबरहुकूम घडवलेली. ब्राउनिंग सांगतो, शुद्ध सोनं फार मऊ, त्यावर हातोडी-कानस चालत नाही, म्हणून सोनार त्यात हीण मिसळतो, घडवतो, आणि शेवटी तेजाबाचा एक फवारा मारला की हीण धूर होऊन निघून जातं, उरतं निव्वळ सोनं, पण आता अंगठीच्या आकारात. बाडातलं सत्य म्हणजे सोनं, माझी कल्पना म्हणजे हीण. घडवण्यापुरती मिसळली, मग काढून टाकली. मला ही उपमा कॉलेजात फार सुंदर वाटली होती. परवा, त्या रविवारनंतर दोन दिवसांनी, आजीची झिजलेली अंगठी सांधायला घेऊन गेले तेव्हा आमच्या सोनाराला सहज विचारलं. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता, मान वर न करता म्हणाला, ‘तेजाबानं वरवरचं जातं हो. वरून शंभर नंबरी दिसतं. आतलं हीण कुठं जातंय? आतलं गेलं तर अंगठी बोटात वाकेल.’ आणि फुंकनळी तोंडात धरली.

मी दुकानातच थांबले थोडा वेळ. कारण ब्राउनिंगची ओळ नीट आठवली तर त्यानेही तेच लिहिलंय. तेजाब तो अंगठीच्या चेहऱ्यावर उडवतो. चेहऱ्यावरच. हीण आत राहिलंच आहे, आणि कुठे राहिलंय तेही दिसतं. पॉम्पिलियाचं पलायन बाडाप्रमाणे 1697 च्या एप्रिलच्या अगदी अखेरीचं. ब्राउनिंगने ते उचलून 23 तारखेवर आणलं, संत जॉर्जच्या दिवसावर, राक्षसाच्या तोंडातून राजकन्या सोडवणाऱ्याच्या दिवसावर. इतका कागदाला धरून चालणारा माणूस तारखेत हात घालतो तो उगाच नाही. घोडागाडी, रात्र, बंद घरातून बाहेर काढलेली अशक्त बाई आणि तिला नेणारा, आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलेला पुरुष. विम्पोल स्ट्रीट आरेझ्झोत आला आहे. जी बाई ते बाड हातात धरायला तयार नव्हती तीच त्याच्या मधोमध जाऊन बसली आहे. हे त्याला कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं आणि म्हणूनच त्याने हीण उडून गेल्याची बतावणी आधीच करून ठेवली.

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे म्युनिकला गेले होते तेव्हा दोन दिवस फ्लॉरेन्सला गेलो. मुलीला उफिझी गॅलरी बघायची होती, मला एक लिऱ्याचा रस्ता चालायचा होता. सान लोरेन्झोभोवतीच्या गल्ल्यांत आता कातड्याच्या पर्सा आणि पट्टे, सगळीकडे चामड्याचा गोडसर वास, विक्रेत्यांना ‘नमस्ते’ सुद्धा येतं. जुनं पुस्तक एकही नाही. स्ट्रोझीवरून पुलावर आलो. सांता त्रिनिता पूल, ब्राउनिंगचा. पण ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला होता, आणि नदीतून दगड काढून, पुन्हा तसाच, तो 1958 पर्यंत उभा केला. पुलावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचं डोकं तर त्यानंतर सापडलं. मी कठड्यावरून हात फिरवत गेले, यातला जुना दगड कुठला, नवा कुठला, हे बोटांना कळतंय का बघत. नाही कळलं. मुलगी म्हणाली, आई, सेल्फी काढायचा का.

कासा ग्विदी ठरावीक दिवशी दुपारीच उघडतं, आम्ही गेलो तो दिवस त्यातला नव्हता. समोर सान फेलिचे, मध्ये स्कूटरची रांग, आणि दाराशी फ्लॉरेन्सने 1861 मध्येच बसवलेली शिळा. मजकूर तोम्मासेओ या इटालियन लेखकाचा. इथे एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगने लिहिलं आणि इथेच ती वारली, बाईच्या हृदयात तिने पंडिताचं ज्ञान आणि कवीची प्रतिभा जुळवली, आणि आपल्या कवितेची सोन्याची अंगठी करून इटली आणि इंग्लंड जोडलं. कृतज्ञ फ्लॉरेन्स. मुलीने फोनवर भाषांतर करून वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘यात नवरा कुठंय?’ नाहीच. त्या गावासाठी तोच तिचा ‘कोम’ होता, असं मला तेव्हा सुचलं नाही, परवा सुचलं. पण अंगठी इथली आहे हे तिथे उभं असतानाच लख्ख कळलं. एकवीस हजार ओळींच्या शेवटी तो या शिळेलाच उत्तर देतो. माझी अंगठी जमलीच तर तुझ्या त्या सोन्याच्या अंगठीशेजारी, तिची राखण करत, राहू दे.

तिचं थडगं रस्त्याच्या मध्यावर आहे, अक्षरशः. 1865 मध्ये फ्लॉरेन्स राजधानी झालं, मग तटबंदी पाडून रुंद रस्ते केले, आणि प्रोटेस्टंट दफनभूमी वाहतुकीच्या मधलं बेट होऊन राहिली. सिग्नल सुटला की चारी बाजूंनी गाड्या ओरडतात, आणि आत सायप्रसच्या झाडांखाली लेटन या चित्रकाराने आखलेली संगमरवरी पेटी खांबांवर उभी आहे. नाव नाही, नुसती ई.बी.बी. ही अक्षरं आणि वर्ष. रॉबर्टला तिच्याशेजारी जागा हवी होती. तो गेला व्हेनिसला, मुलाच्या राजवाड्यात, 12 डिसेंबर 1889 ला, त्याचं शेवटचं पुस्तक लंडनला बाहेर पडलं त्याच दिवशी. पण तोवर फ्लॉरेन्सची दफनभूमी बंद झालेली. त्याला लंडनला नेलं, वेस्टमिन्स्टर ॲबीत, मानाने. व्हेनिसच्या भिंतीवर त्याच्याच ओळी लावल्या आहेत, माझं काळीज उघडा, आत ‘इटली’ कोरलेलं दिसेल. ज्याच्या काळजात इटली तो लंडनच्या दगडाखाली, आणि जी मरेपर्यंत इंग्रजीतच लिहीत राहिली ती इटलीच्या मातीत. आम्ही तिथे जास्त थांबलो नाही. ऊन होतं, मुलीला भूक लागली होती.

या रविवारी मी पुन्हा जुन्या बाजारात गेले. दीडशेची नोट नसते, म्हणून शंभराची आणि पन्नासची अशा दोन वेगळ्या घडी करून मुठीत धरल्या होत्या. म्हातारा त्याच जागी होता. कंदील गेला होता, वाट्या होत्या. रुमाल दिसला नाही. ‘ते कागद?’ मी विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग आठवलं त्याला. ‘गेले की. रद्दीवाल्यानं वजनावर नेले. तुम्ही बोललात नि गेलात ना त्या दिवशी.’ आवाजात राग नव्हता, गंमतही नव्हती. मग मला दिसलं, वाट्यांच्या खाली ताडपत्रीवर ते तांबडं खारव्याचं फडकं अंथरलं होतं. कडेला गाठीच्या चुण्या अजून तशाच. एक कोपरा शाईने जांभळट झालेला.

‘हे फडकं कितीला?’

‘पन्नास द्या.’

‘वीस,’ मी म्हणाले.